विंगेतून बोलायचं नाही

बिंग फुटलं ते कोथिंबिरीमुळे. काका कोथिंबिरीची जुडी आणायला म्हणून खाली उतरले आणि नेमका तेवढ्यात बेबीचा फोन आला.

बेबी ही काका-काकूंची एकुलती एक मुलगी. वय चाळिशीच्या पुढे, कचेरीत हाताखाली भरपूर माणसं, स्वतःची मुलं उंचीनं तिच्या वर गेलेली. पण या घरात अजून बेबीच. रोज संध्याकाळी फोन करून ती आईला विचारायची, आज काय केलंस, जेवायला काय होतं, गोळी घेतलीस का. काकू फटाफट उत्तरं द्यायच्या. म्हणजे बेबीला तसं वाटायचं. प्रत्यक्षात काका काकूंच्या खांद्याला खांदा लावून उभे असायचे आणि प्रत्येक उत्तर आधी त्यांच्या कानात सोडायचे. त्या दिवशी बेबीनं विचारलं, "आई, सकाळी डॉक्टरकडे गेला होतात ना? काय म्हणाले?" पलीकडून उत्तरच येईना. मग काकू अगदी सहज म्हणाल्या, "थांब हं, हे खाली गेलेत. आले की सांगते."

काका जुडी घेऊन वर आले तेव्हा बेबी फोनवर रडत होती आणि काकू तिची समजूत काढत होत्या, "अगं, कोथिंबीरच आणायला गेलेत. येतील."

आता यात काकांची काही लबाडी होती असं कोणी समजू नये. सवयच होती ती, आणि साधीसुधी नव्हे. काकांनी पाणीपुरवठा कचेरीत जन्मभर कारकुनी केली, पण त्यांना कोणी कारकून म्हणून ओळखत नव्हतं. सगळे त्यांना प्रॉम्प्टरकाका म्हणत. कचेरीच्या हौशी नाटकमंडळीत दरवर्षी ते विंगेत स्टुलावर संहिता घेऊन बसत आणि रंगमंचावर कोणी वाक्य विसरलं की हळूच पुरवत. त्यांची कुजबुज ही खास चीज होती. ती नेमकी नटाच्या कानापर्यंत जायची आणि पहिल्या रांगेतल्या मोठ्या साहेबांना पत्ता लागायचा नाही. एकदा हेडक्लार्क राजा झाले होते, तेव्हा राजाचं निम्मं भाषण आपणच म्हटलं असं काका सांगतात. हेडक्लार्क आता हयात नाहीत, त्यामुळे ते खरं धरायला हरकत नाही.

या कामाचा काकांचा एक नियम होता. नव्यानं विंगेत बसणाऱ्याला ते तो छाती पुढे काढून सांगायचे. "नट थांबला म्हणून लगेच वाक्य फेकायचं नाही. कधी तो विसरलेला असतो, कधी नुसता थांबलेला असतो. विसरलेला नट विंगेकडे बघतो. त्यानं बघितलं की द्यायचं. त्याआधी दिलंत तर तुम्ही प्रॉम्प्टर नाही, चोंबडे आहात."

घरात हा नियम कधी गळून पडला ते काकांचं त्यांनाही कळलं नाही. काकू म्हणजे शाळेतल्या भूगोलाच्या बाई. साऱ्या जगातल्या नद्या त्यांच्या जिभेवर. त्यांना एक दिवस समोरच्या वहिनींचं नाव आठवेना तेव्हा काकांनी ते पुरवलं. मग वार पुरवला. मग भाजीत मीठ घातलंय की नाही ते पुरवलं. पुढे पुढे काकूंनी तोंड उघडायच्या आत काकांचं वाक्य तयार असायचं. काकू कुठे अडखळल्या की काकांना बघवत नव्हतं, एवढं साधं कारण होतं त्याला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "आत्ता त्यांना सगळं समजतंय. काही दिवस लख्ख असतील, काही धूसर. पुढे धूसर वाढत जातील. काय लिहून ठेवायचं असेल ते लख्ख दिवसात उरका."

म्हणून बेबीनं वकीलबाई गाठल्या. वकीलबाईंनी समजावलं, की एक अधिकारपत्र करायचं. पुढे काकूंना सुचेनासं झालं तर त्यांच्या वतीनं बँकेत, दवाखान्यात, घराच्या बाबतीत कोणी बोलायचं, ते काकूंनी आजच सांगून ठेवायचं. घर काकूंच्या नावावर होतं. शाळेच्या पगारातून त्यांनी ते हट्टानं घेतलेलं.

"आणि नाही केलं तर?" काकांनी विचारलं.

"तर मग कोर्ट. कोर्ट नेमेलच कोणाला तरी, बहुतेक तुमच्या मुलीलाच. पण त्या वेळी आईंना काय हवंय ते कोणी विचारणार नाही, काका. विचारून उपयोग नसेल."

वकीलबाईंनी काकूंकडे वळून विचारलं, "कोणाला द्यायचा अधिकार?" काकांनी खुर्चीत जरा सावरून बसून घेतलं. काकू म्हणाल्या, "बेबीला." ताबडतोब म्हणाल्या. विचार करायलासुद्धा थांबल्या नाहीत.

"योग्यच आहे," काका म्हणाले, आणि घरी पोचेपर्यंत सगळ्यांच्या चार पावलं पुढे चालत राहिले.

निघताना वकीलबाईंनी एक गोष्ट बजावली होती. नोंदणी अधिकारी काकूंना स्वतः प्रश्न विचारणार आणि काकूंनी आपल्या मनानं, आपल्या शब्दांत उत्तरं द्यायची. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून नाही. काकांनी त्यावर जोरजोरात मान डोलावली होती. हे कलम त्यांच्याचसाठी आहे अशी पुसटशी शंकाही त्यांना आली नाही.

साक्षीदार दोन हवे होते, घराबाहेरचे, काकूंना ओळखणारे. साक्षीदार मागायला गेलं की सल्ला आधी मिळतो. खालच्या मजल्यावर एक निवृत्त विमावाले राहत. जन्मभर लोकांना उद्याची भीती घालून पॉलिश्या विकलेला हा माणूस काकांना म्हणाला, "कशाला उद्याचा विचार करताय? असले कागद केले की माणूस खचतो. मी पाहिलंय." मग त्यांनी काय काय पाहिलंय ते ऐकण्यात एक अख्खी सकाळ गेली. समोरच्या वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या चुलतसासूबाईंनी असाच कागद पुतण्याच्या नावानं केला, तर पुतण्यानं त्यांना रस्त्याकडच्या खोलीतून उचलून मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवलं. "समोरची खोली माझी, असं घालून घ्या त्यात. आणि खिडकीसुद्धा लिहून घ्या. नुसती खोली लिहिली तर खिडकीला कपाट लावतात लोक." दोघंही साक्षीला यायला मात्र एका पायावर तयार होते.

काकांनी घरी तालमी सुरू केल्या. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला काका, अधिकारी म्हणून. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर टेलिफोनची जुनी डिरेक्टरी, आवाज बसका. दुसऱ्या बाजूला काकू, मटार सोलत.

"बाई, हा कागद आपण कशासाठी करत आहात?"

"तुमच्या समाधानासाठी."

"अगं, असं नाही म्हणायचं! मी लिहून दिलंय ना? 'मी माझ्या स्वेच्छेने, पूर्ण शुद्धीत, कोणत्याही दडपणाला बळी न पडता...'"

"असं कोण बोलतं?"

"कचेरीत असंच बोलतात."

"मग कचेरीनंच बोलावं. मी कशाला येऊ?"

असं रोज चालायचं. एका दुपारी मात्र काकू ताठ बसल्या, मटार बाजूला सारले आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी नीट, परक्या माणसाशी बोलायच्या आवाजात दिली. काका खूश. तेवढ्यात काकू जरा पुढे झुकून म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? आमचे हे बाहेर बसलेत. त्यांना चहा मिळाला असेल का? ते स्वतः मागायचे नाहीत."

काका खो खो हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की काकू हसत नाहीयेत. त्यांनी चष्मा काढला. "अगं, मीच आहे."

काकूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "माहीत आहे मला," म्हणाल्या आणि पुन्हा मटार सोलायला लागल्या.

ते खरं की नुसतं सांभाळून घेणं, हे काकांना कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. डिरेक्टरी त्यांनी कपाटात ठेवून दिली.

पहिल्या खेपेला कचेरीत जायचं म्हणून काका नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला घालायचे तो कोट घालून निघाले. नोंदणी कचेरी म्हणजे एक लांब व्हरांडा, त्यात बाकं, आणि टोकाला साहेबांची खोली. नंबर दाखवायचं यंत्र भिंतीवर होतं, पण ते बंद असल्यामुळे एक शिपाई दारात उभा राहून "पुढचे!" एवढंच ओरडायचा, आणि व्हरांड्यातल्या प्रत्येकाला आपणच पुढचे असं वाटायचं. दारापाशी टेबल टाकून बसलेल्या कारकुनानं स्टॅम्पपेपर काकूंपुढे सरकवला. "वाचून बघा आणि खाली सही करा, आजी."

शाळेतल्या बाईंना असं कधी सांगू नये. काकूंनी पर्समधून लाल पेन काढलं. काका त्या वेळी विमावाल्यांना बाकावर जागा करून देत होते. वळून बघेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. कागदात घराच्या चतुःसीमा लिहिल्या होत्या, 'पूर्वेस रस्ता, पश्चिमेस शेजारील इमारत'. काकूंनी 'पूर्वेस' खोडून 'पश्चिमेस' केलं, 'पश्चिमेस' खोडून 'पूर्वेस' केलं, समासात उत्तर दिशेचा बाण काढला, तळाशी 'पाहिले' लिहून आपली आद्याक्षरं टाकली आणि शेजारी गुण दिले, दहापैकी सहा.

"आजी, हे काय केलंत?" कारकून किंचाळलाच. "स्टॅम्पपेपर आहे हा!"

"म्हणून काय चूक राहू द्यायची? संध्याकाळचं ऊन आमच्या घरात रस्त्याकडून येतं. मग रस्ता पूर्वेला कसा असेल?"

वकीलबाईंनी जुना खरेदीचा कागद काढून पाहिला. त्यातही रस्ता पूर्वेलाच होता. म्हणजे घर घेतल्यापासून चूक तशीच चालत आलेली, आणि ती आजवर काकूंच्या नजरेखालून गेली नव्हती, कारण घर घेताना कागद काकांनी वाचले होते. आता नवा कागद बरोबर केला तर तो जुन्याशी जुळेना, आणि जुन्यासारखा चुकीचा केला तर काकू सही करीनात. तेव्हा आधी जुन्याची चूकदुरुस्ती. त्यासाठी ज्यांनी घर विकलं त्यांची सही. ते केव्हाच वारलेले. मग त्यांचा मुलगा शोधा. तो सापडला, भला माणूस निघाला, सही करतो म्हणाला. पण रस्ता पश्चिमेला आहे हे त्याला पटेना. त्याचं बालपण त्या घरात गेलं होतं आणि आपण रस्त्याकडून सूर्य उगवताना पाहिलाय असं त्याचं ठाम मत होतं. शेवटी काका त्याला एका संध्याकाळी घरी घेऊन आले आणि खिडकीपाशी खुर्ची देऊन सूर्य मावळेपर्यंत बसवून ठेवलं. मावळला तेव्हा त्यानं सही केली.

हे सगळं होईतो बरेच आठवडे गेले. दरम्यान काकूंचे धूसर दिवस वाढले. एके सकाळी त्यांनी शाळेत जायचं म्हणून साडी नेसली. काकांनी त्यांना बसस्टॉपपर्यंत नेलं, आज सुट्टी आहे असं सांगितलं आणि परत आणलं. बेबीला सांगताना मात्र त्यांनी यातली फक्त फिरायला गेलो एवढीच हकिकत सांगितली.

दुसऱ्या खेपेला कागद बिनचूक होता. काकूंनी तो तपासला आणि लाल पेन पर्समध्ये परत ठेवलं, तेव्हा कारकुनानंही सुस्कारा सोडला. साहेबांच्या खोलीत काकू टेबलासमोर बसल्या, काका शेजारी, बेबी मागे उभी. साहेब सावकाश बोलणारे, सावकाश लिहिणारे, न चिडणारे गृहस्थ होते.

"आजी, तुमचं नाव सांगा."

काकूंनी नाव सांगितलं. फक्त त्याच्या आधी क्षणभर तेच नाव खोलीत कुठून तरी येऊन गेलं होतं. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

"आज कशासाठी आलात?"

"मी माझ्या स्वेच्छेने, पूर्ण शुद्धीत," काकू म्हणाल्या.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, तुम्ही काही म्हणालात?"

"मी? छे!" काका म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं.

साहेबांनी काकांना मागच्या खुर्चीवर बसवलं. तिथून आवाज पोचत नव्हता म्हणून काकांचे नुसते ओठ हलायला लागले, आणि काकू दर प्रश्नाला मागे वळून ते बघायला लागल्या. साहेबांनी काकांना दाराबाहेर उभं केलं. दाराला काच होती. शेवटी साहेबांनी कागद मिटला.

"मॅडम, मला नोंद करता येणार नाही," ते बेबीला म्हणाले. "या बोलतच नाहीयेत, आजोबा बोलतायत. आणखी एकदा या. पण त्या वेळीही असंच झालं तर 'स्वतः सांगू शकत नाहीत' असा शेरा मला मारावा लागेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही. तुम्हाला कोर्टातच जावं लागेल."

कचेरीच्या पायऱ्यांवर बेबीचा बांध फुटला. "बाबा, का करता असं? तुम्ही तिला बोलूच देत नाही. मला इतके दिवस कळू दिलं नाहीत, आणि आता तिला स्वतःचं एक वाक्य बोलायचं होतं, तर तेही तुम्हीच!"

"मी मदत करत होतो."

"तिला नकोय ती मदत."

काकांना हे फार लागलं. जी कुजबुज हेडक्लार्कच्या राजानं गयावया करून मागून घेतली होती, ती आज स्वतःच्या मुलीनं भर पायऱ्यांवर नको म्हटली. आधी अधिकार बेबीला, आता बोलायलाही बंदी. मग आपण या घरात आहोत तरी कशाला, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. घरी आल्यावर चहा नको म्हणाले. बिस्किटं नको म्हणाले. गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसले, म्हणजे रुसलोय हे आतून स्पष्ट दिसावं.

काकू कप घेऊन बाहेर आल्या आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"मला येतं हो," काकू म्हणाल्या. "सगळं नाही येत. पण पुष्कळ येतं. शोधायला जरा वेळ लागतो, इतकंच. मी शोधत असते आणि तेवढ्यात तुम्ही बोलता. मग मला वाटतं, आपल्याला येतच नसावं."

काकांच्या तोंडाशी चार उत्तरं आली. त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही. विंगेत बसायला शिकवलेली सगळी पोरं त्यांना आठवली, आणि चोंबडे हा आपलाच शब्द आठवला. "चहा गार झाला का गं?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "झाला," आणि तो गार चहा काकांनी संपूर्ण प्यायला.

तिसऱ्या खेपेला काका घरूनच बोलून निघाले, की मी व्हरांड्यात बसणार, दाराच्या आसपासही फिरकणार नाही. दिवस लख्ख होता. बसमध्ये काकूंनी खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीचं नाव आपणहून सांगितलं. काकांच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. विमावाल्यांनी ती पाहून त्यांना खिशातली चिकट टॉफी दिली. "तोंडात धरा. माझी बायको मला सभेला जाताना हीच देते. दातांना अशी बसते की भाषण करायची सोयच राहत नाही."

पण साहेबांच्या खोलीची भिंत प्लायवूडची होती आणि छतापर्यंत पोचलेली नव्हती. बाकावर बसल्या जागी आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता. आत साहेब आणि काकू दोघंच. बेबी, वकीलबाई, वहिनी सगळ्या बाहेर.

"आजी, तुमचं नाव?"

काकूंनी सांगितलं. काका टॉफी चघळत राहिले.

"मालमत्ता काय आहे तुमची?"

"घर आहे. पश्चिमेस रस्ता. पश्चिमेस हं, लिहिताना चुकू नका."

"नाही चुकणार. अधिकार कोणाला देताय?"

"बेबीला." मग जरा थांबून काकूंनी तिचं पूर्ण नाव सांगितलं, सासरच्या आडनावासकट. बेबीनं वकीलबाईंचा हात घट्ट धरला.

"आणि हा अधिकार कशासाठी?"

आत शांतता झाली.

काकांनी कान टवकारले. विंगेत असताना त्यांना नट विसरलाय की थांबलाय हे त्याच्या श्वासावरून कळायचं. विसरलेल्याचा श्वास अडकतो. पण साहेबांचा पंखा इतका खडखडत होता की श्वास ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. शांतता लांबत चालली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. साहेबांनी पेन खाली ठेवलं असेल. आता तो शेरा मारतील. दोन शब्द पुरले असते, 'पुढे सुचेनासं'. एवढे दोन शब्द भिंतीवरून आत सोडायचे, कोणाच्या बापाला कळलं नसतं. काकांनी टॉफी तोंडातून काढून हातात घेतली. ते उठून उभे राहिले. वाक्य ओठांवर आलं होतं. बेबी त्यांच्याकडे बघत होती.

तिनं विंगेकडे बघितलेलं नाही, काकांनी स्वतःला सांगितलं. तिनं अजून बघितलेलं नाही. ते खाली बसले आणि टॉफी परत तोंडात टाकली.

"साहेब, कसं सांगू," आतून काकूंचा आवाज आला. "हल्ली कधी कधी मला समोरचं दिसतं, पण ते कुठलं ते कळत नाही. नकाशावरची नावं पुसली तर कसं होईल, तसं. आज सगळी नावं आहेत. म्हणून आजच सांगून ठेवते. ज्या दिवशी नसतील त्या दिवशी बेबी म्हणेल ते माझं म्हणणं समजा."

"कोणी जबरदस्ती केली नाही ना?"

"माझ्यावर? आजवर कोणाला जमलेलं नाही."

साहेब हसल्यासारखे वाटले. "एक विचारतो, आजी. पती आहेत तुमचे. त्यांना का नाही दिलात अधिकार?"

व्हरांड्यात काकांचं चघळणं थांबलं.

"त्यांना नाही द्यायचा. उद्या दवाखान्यात कोणी विचारलं, आजींना ठेवायचं की जाऊ द्यायचं, तर त्याचं उत्तर यांनी द्यायचं? त्यांच्यानं नाही व्हायचं ते. आणि दिलंच, तर नंतर जन्मभर तेच उगाळत बसतील. बेबी खंबीर आहे. ती रडेल, पण निभावेल." काकू जरा थांबल्या. "यांनी फक्त माझ्याजवळ बसायचं. तेवढं एक काम यांच्या नावानं लिहा त्यात."

"तसं लिहिता येत नाही, आजी. कायद्यात बसत नाही."

"मग तोंडी सांगा. बाहेरच बसलेत. भिंत पातळ आहे तुमची, सगळं ऐकतायत ते."

मग साहेबांनी घंटा वाजवली, शिपाई आत गेला, बाहेर येऊन कुठेतरी गेला, आणि थोड्या वेळानं चहाचा कप घेऊन काकांसमोर उभा राहिला.

"आतल्या आजींनी सांगितलंय. म्हणाल्या, ते स्वतः मागायचे नाहीत."

काकांना आभार मानायचे होते, पण टॉफीनं दोन्ही जबडे धरून ठेवले होते. ते नुसते मान हलवत राहिले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि कप दोन्ही हातांनी धरल्यामुळे ते पुसायला हात मोकळा नव्हता. विमावाल्यांनी त्यांच्या हातातला कप धरला. वहिनींनी रुमाल दिला आणि आपल्यासाठी दुसरा काढला. सह्या झाल्या, साक्षी झाल्या, शिक्के पडले. काकूंनी सहीखाली 'पाहिले' लिहिलं नाही, पण कागद परत देताना साहेबांना म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे तुमचं." साहेब खुर्चीतून उठून दारापर्यंत त्यांना सोडायला आले.

बेबी तिथूनच कामाला गेली. जाताना तिनं वडिलांना मिठी मारली. काका-काकू दोघंच बसनं घरी निघाले. काकू दमल्या होत्या. खिडकीशी बसून बाहेर बघत होत्या. सकाळची ती टेकडी परत आली आणि गेली, त्या काही बोलल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "आज आपण..." आणि थांबल्या.

काकांना माहीत होतं पुढे काय ते. अगदी जिभेवर होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि वाट पाहिली. बस एका थांब्यावर थांबली, माणसं उतरली, माणसं चढली. काकू समोर बघत शोधत होत्या. काका थांबून राहिले.

मग काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"नोंदणी कचेरीत गेलो होतो," काका हळूच म्हणाले. पुढच्या बाकावरच्या माणसाला ऐकू गेलं नाही.

"हां. कचेरीत." काकूंचा चेहरा सुटला. "काम झालं?"

"झालं."

"मी नीट बोलले ना?"

"एकही वाक्य खाल्लं नाहीस."

काकूंनी थोडा विचार केला. "तुमचा आवाज नाही आला मला?"

"नाही दिला मी आवाज."

"पण होतात ना तिथे?"

"होतो की," काका म्हणाले. "विंगेतच होतो."

काकूंनी मान हलवली, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या.